घर मालकाचे, संसार भाडेकरूचा : आगीनंतरचे हक्क

वर्धा जिल्ह्यात एप्रिल उजाडला की पारा चढू लागतो आणि मे महिन्यात तो ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो. घरोघरी कूलर अहोरात्र फिरत असतात, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी टाकलेल्या तारांवर वातानुकूलन यंत्रांचा नवा भार येतो आणि दुपारच्या वेळी गल्ल्या निर्मनुष्य असतात. या जिल्ह्यात आगीचा विषय निघाला की लोकांना पुलगावच्या दारूगोळा भांडारातील ३१ मे २०१६ ची रात्र आठवते. त्या आगीची दखल साऱ्या देशाने घेतली. एखाद्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर लागलेल्या आगीची दखल मात्र स्थानिक वर्तमानपत्राच्या चार ओळींत आटोपते. त्यातील शेवटची ओळ बहुधा ‘सुदैवाने जीवितहानी झाली नाही’ अशी असते. जीव वाचला हे भाग्यच; पण त्याच वेळी अंगावरच्या कपड्यांनिशी एक कुटुंब रस्त्यावर उभे असते, त्याचे पुढे काय झाले हे पाचव्या ओळीत कधी येत नाही.

हे कुटुंब भाड्याने राहणारे असेल तर प्रश्न अधिक बिकट होतो. वर्धा शहर, सेवाग्राम, सावंगी (मेघे), पिपरी (मेघे), नालवाडी, हिंगणघाट, पुलगाव येथे भाड्याने राहणाऱ्यांची संख्या लहान नाही. वैद्यकीय महाविद्यालयांचे कर्मचारी आणि विद्यार्थी, बदलीवर आलेले शिक्षक व बँक कर्मचारी, बाजारपेठेतील दुकानांवर काम करणारे मुनीम, नुकतेच वेगळे निघालेले तरुण दांपत्य, अशी ही मंडळी असतात. अमेरिकेसारख्या देशात पुष्कळ घरमालक भाडेकराराच्या वेळीच भाडेकरूला सामानाचा विमा उतरवण्याची अट घालतात. आपल्याकडे असा विमा असतो हेच बहुतेकांना ठाऊक नसते. म्हणून आग विझल्यावर भाडेकरूच्या मनात पहिला विचार येतो तो असा की, घर आपले नाही, विमा आपला नाही, तेव्हा आता कोठे दाद मागायची सोयच उरली नाही.

हा समज अर्धाच खरा आहे. विमा नसला तरी भाडेकरूच्या हाती काही मार्ग उरतात. मात्र त्यांतील बहुतेक मार्ग पहिल्या आठ दिवसांत तयार होणाऱ्या कागदांवर अवलंबून असतात आणि नेमके तेच दिवस नातेवाइकांकडे आसरा शोधण्यात, मुलांच्या कपड्यालत्त्याची सोय लावण्यात निघून जातात.

पंचनाम्यात नाव कोणाचे

आगीची वर्दी मिळाल्यावर पोलीस येतात, अकस्मात जळिताची नोंद होते. महसूल खात्याकडून तलाठी पंचनामा करतो. अग्निशमन दलाकडे घटनेची नोंद असते आणि मागणी केल्यास दाखला मिळतो. या सर्व कागदांचा स्वाभाविक कल घराकडे असतो. घर क्रमांक, मालकाचे नाव, बांधकामाचा प्रकार, भिंती आणि छत यांचे नुकसान, असे रकाने भरले जातात. घरमालक गावातील परिचित गृहस्थ असतो, तोच पुढे होऊन माहिती देतो. भाडेकरू त्या वेळी बहुधा घटनास्थळी नसतो. परिणामी पंचनाम्यात ‘अंदाजे इतक्या रुपयांचे नुकसान’ असा एक आकडा येतो; त्यात भिंत किती, शीतकपाट किती आणि ते कोणाचे, याचा उलगडा नसतो. पुढे हा आकडा ज्याच्या नावावर लागतो त्याच्या उपयोगी पडतो.

म्हणून पंचनाम्याच्या वेळी भाडेकरूने स्वतः किंवा त्याच्या विश्वासातील माणसाने हजर असणे आवश्यक आहे. ‘सदर घरात अमुक हे भाड्याने राहत असून जळालेले घरगुती सामान त्यांच्या मालकीचे आहे’ एवढे एक वाक्य पंचनाम्यात आले पाहिजे. सामानाची यादी वेगळ्या कागदावर करून ती पंचांच्या सह्यांनिशी जोडता येते. पंचनामा आधीच होऊन गेला असेल तर तहसीलदार व पोलीस ठाणे यांना यादीसह लेखी अर्ज द्यावा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले कार्यालयात टिकत नाही.

आणखी एक वाक्य वाचून पाहावे, ते म्हणजे आगीचे कारण. घाईघाईत ‘भाडेकरूने दिवा किंवा गॅस चालू ठेवल्याने आग लागली’ असे लिहिले जाते आणि कोणी हरकत घेत नाही. नंतर अनामत रक्कम परत मिळणार की नाही, उलट मालकच नुकसानभरपाई मागणार काय, विमा कंपनी कोणावर दावा लावणार, हे सारे त्या एका ओळीवर फिरते. कारण खरोखर माहीत नसेल तर ‘कारण निश्चित नाही’ असेच लिहिले जावे, असा आग्रह धरण्यात गैर काही नाही. देवघरातील दिव्यावर खापर फोडणे सोपे असते. भिंतीतील जुनाट तार दिसत नाही.

सामानाची यादी करताना पावत्याही जळून गेलेल्या असतात. येथे हल्लीच्या व्यवहारांची मोठी मदत होते. बँकेच्या खातेउताऱ्यात दूरचित्रवाणी संच किंवा धुलाई यंत्राच्या खरेदीची रक्कम आणि दुकानाचे नाव सापडते. मोबाइलवरून केलेल्या खरेदीचा इतिहास त्या ॲपमध्ये टिकून असतो. गावातील दुकानदाराकडे विक्रीच्या पावतीची दुसरी प्रत असते. आणि सर्वांत उपयोगी पडतात ती घरगुती छायाचित्रे. दिवाळीला काढलेल्या फोटोत लोक एकमेकांचे चेहरे पाहतात. पण त्यांच्या मागे कपाट, सोफा, संगणक, भिंतीवरचे घड्याळ सारे असते आणि फोटोवर तारीखही असते. नातेवाइकांच्या फोनमध्ये असे फोटो आवर्जून शोधावेत. जळालेले सामान हलवण्यापूर्वी प्रत्येक खोलीचे चित्रण करून ठेवावे, हे तर सांगायलाच नको.

घर जळाले म्हणून भाडेहक्क जळत नाही

यानंतरचा प्रश्न घराचाच. ‘घरच राहिले नाही, आता करार संपला, सामान उचला’ असे मालक म्हणतो आणि ते भाडेकरूलाही पटते. कायद्याला ते पटत नाही.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम १०८ मध्ये या प्रसंगाची तरतूद आहे. आग, वादळ, पूर अशा कारणाने भाड्याच्या मिळकतीचा महत्त्वाचा भाग पूर्णपणे नष्ट झाला अथवा ज्या कामासाठी ती घेतली त्या कामासाठी कायमची निरुपयोगी झाली, तर भाडेपट्टा रद्द करण्याचा पर्याय भाडेकरूला आहे. हा पर्याय मालकाचा नाही. आग भाडेकरूच्याच चुकीच्या कृत्यामुळे लागली असेल तर त्याला हा लाभ मिळत नाही, हा त्याला असलेला अपवाद.

या तरतुदीच्या दोन्ही बाजू समजून घेणे हिताचे आहे. भाडेकरूने पट्टा रद्द केल्याचे कळवले नाही आणि तो नुसताच निघून गेला, तर भाड्याची जबाबदारी कागदोपत्री चालू राहते. घरात राहणे अशक्य झाले म्हणून करार आपोआप निष्फळ ठरतो, ही भारतीय करार अधिनियमातील कल्पना भाडेपट्ट्याला लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने राजा ध्रुव देव चंद यांच्या १९६८ च्या प्रकरणात म्हटले आहे. ते प्रकरण फाळणीचे होते. पट्ट्याची जमीन पाकिस्तानात गेली, पट्टेदाराला तेथून निघावे लागले, तरीही दिलेले भाडे परत मिळाले नाही. म्हणून ज्याला घर सोडायचेच आहे त्याने ‘अमुक तारखेच्या आगीमुळे घर राहण्यास अयोग्य झाले असल्याने मी भाडेपट्टा रद्द करीत आहे, अनामत रक्कम परत करावी’ असे पत्र नोंदणीकृत टपालाने पाठवावे. ज्याला दुरुस्तीनंतर परत यायचे आहे त्याने मात्र असे पत्र चुकूनही देऊ नये. त्याने ‘दुरुस्ती करून ताबा द्यावा, माझा हक्क कायम आहे’ असे लिहावे. दुःखाच्या भरात मालकाने पुढे केलेल्या कोऱ्या किंवा अर्धवट वाचलेल्या कागदावर सही केल्यास हे दोन्ही मार्ग बंद होऊ शकतात.

इमारत पूर्णच नष्ट झाली तर काय, यावर न्यायालयांतही बरीच वर्षे एकमत नव्हते. केरळमधील एका दुकानाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने भाड्याची वास्तू नष्ट झाली की भाडेहक्कही संपतो, असा निर्णय दिला होता. तो २००१ च्या निर्णयसंग्रहात आहे. पुढे २०१४ साली शहा रतनशी खिमजी अँड सन्स विरुद्ध कुंभार सन्स हॉटेल या महाराष्ट्रातील प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ती भूमिका बदलली. तेथे इमारत आगीने नव्हे, तर नगरपालिकेच्या कारवाईने पाडली गेली होती. भाडेपट्टा केवळ भिंती-छपरापुरता नसतो, त्याखालील जमिनीतही त्याचे हितसंबंध असतात, म्हणून इमारत गेल्याने भाडेहक्क संपत नाही, असा त्याचा आशय. बाजारपेठेतील एकमजली दुकाने आणि जुनी घरे यांच्या भाडेकरूंना या निर्णयाचा मोठा आधार आहे. तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेच्या भाडेकरूला तो तितक्या सरळपणे वापरता येणार नाही. तेथे इमारत पुन्हा उभी राहते की नाही यावर सारे अवलंबून राहील.

येथे एक पथ्य सांभाळावे लागते. आजकाल बहुसंख्य घरे ११ महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर दिली जातात. कायद्याच्या भाषेत तो भाडेपट्टा नव्हे, केवळ वापराची परवानगी आहे. सुविधाधिकार अधिनियम १८८२ नुसार ज्या मिळकतीच्या वापराची परवानगी दिली तीच नष्ट झाली तर परवानगीही संपुष्टात येते. अशा रहिवाशाला परत येण्याचा हक्क सांगता येत नाही. पण न वापरलेल्या दिवसांचे आगाऊ भाडे आणि अनामत रक्कम मागण्याची त्याची बाजू भक्कम असते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ जेथे लागू आहे तेथे आणखी काही आधार मिळतो. विदर्भात पूर्वी १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाडचा भाडे नियंत्रण आदेश होता, त्याची जागा या कायद्याने घेतली. त्यानुसार घर सुस्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. आग एका खोलीपुरती असेल, तारा जळाल्या, दार-खिडकी गेली, एवढेच नुकसान असेल, तर भाडेकरूने लेखी सूचना द्यावी. किमान १५ दिवसांची मुदत देऊनही मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो; मात्र एका वर्षात ही वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक होता कामा नये. आगीचे निमित्त साधून पाणी किंवा वीज तोडून भाडेकरूला हुसकावणेही या कायद्याने मना आहे. लेखी आणि नोंदणीकृत करार करून घेण्याची जबाबदारी याच कायद्याने मालकावर टाकली आहे. करार लेखी नसेल, तर अटींबाबत वाद झाल्यावर विरुद्ध पुरावा येईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ‘करारच नाही तर बोलणार काय’ म्हणून गप्प बसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. वर्ध्याच्या सभोवतालची ‘मेघे’ नावाची गावे शहराला चिकटलेली असली तरी ग्रामपंचायतींची आहेत. आपले घर कोणत्या हद्दीत येते आणि तेथे हा कायदा लागू होतो काय, हे वकिलाला प्रथम विचारावे. तेथे तो लागू नसेल तर १८८२ चा कायदा आहेच.

जळालेल्या घराची डागडुजी करून देणे भाडेकरूवर बंधनकारक नसते. त्याची चूक सिद्ध झाली तरच तो प्रश्न येतो आणि ती सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. अनामत रक्कम ‘रंगरंगोटीत गेली’ असे सांगून अडकवून ठेवणाऱ्याला एवढे नम्रपणे सांगता येते.

गॅस, वीज आणि तहसील

स्वतःचा विमा नसला तरी दुसऱ्या कोणाचा विमा आपल्याला लागू आहे काय, हे पाहायचे असते. स्वयंपाकाच्या गॅसबाबत तो असतो. तेल कंपन्यांनी ग्राहकांसाठी सार्वजनिक दायित्व विमा घेतलेला आहे. ग्राहकाला त्यासाठी वेगळा हप्ता भरावा लागत नाही. गॅस हे आगीचे मूळ कारण असल्यास मृत्यूसाठी व्यक्तीमागे ६ लाख रुपये, उपचारासाठी व्यक्तीमागे कमाल २ लाख रुपये आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी एका घटनेत कमाल २ लाख रुपये अशा त्याच्या मर्यादा आहेत. मात्र मालमत्तेची भरपाई नोंदणीकृत पत्त्यावरील नुकसानीलाच मिळते. भाडेकरू येथेच अडकतो. जोडणी आर्वीच्या वडिलोपार्जित घराच्या पत्त्यावर आणि सिलिंडर वर्ध्यातील भाड्याच्या घरात, ही स्थिती कितीतरी घरांत आहे. घर बदलल्यावर वितरकाकडे जाऊन पत्ता बदलून घेणे हे अर्ध्या तासाचे काम आळसापोटी वर्षानुवर्षे राहून जाते. अपघातानंतर वितरकाला ताबडतोब लेखी कळवावे. विमा कंपनीकडे प्रकरण तोच पाठवतो. सिलिंडर, रेग्युलेटर आणि नळी यांची पाहणी होईपर्यंत त्या वस्तू भंगारात देऊ नयेत.

विजेमुळे आग लागली असेल तर दोष मीटरच्या अलीकडचा की पलीकडचा, हा कळीचा मुद्दा ठरतो. बाहेरून अचानक जास्त दाब आला, एकाच वेळी शेजारच्या घरांतील उपकरणेही जळाली, तर बोट वीजपुरवठा करणाऱ्या कंपनीकडे वळते. मीटरनंतरची भिंतीतील वायरिंग सामान्यतः मालकाची. कूलरला लावलेली जोडवायर भाडेकरूची. विद्युत अपघाताची चौकशी करण्यासाठी शासनाचा विद्युत निरीक्षक असतो. त्याचा अहवाल तटस्थ मानला जातो, म्हणून त्याच्याकडे अर्ज करावा आणि अहवालाची प्रत मागावी. शेजाऱ्यांची उपकरणे त्याच वेळी बिघडली असल्यास त्यांची लेखी निवेदने तेव्हाच घेऊन ठेवावीत. चार महिन्यांनी कोणाला नेमकी वेळ आठवत नाही.

शासकीय मदतीविषयी फार मोठी आशा बाळगू नये, पण ती सोडूही नये. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या यादीत आग ही आपत्ती म्हणून समाविष्ट आहे. केंद्राने २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरवलेल्या निकषांत पूर्णतः नष्ट झालेल्या घरासाठी सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये आहेत. ते अर्थातच घराचे म्हणून मालकाकडे जातात. भाडेकरूच्या कामाचे दोन छोटे रकाने त्याच निकषांत आहेत. कपड्यांसाठी कुटुंबामागे २,५०० आणि भांडी व घरगुती वस्तूंसाठी २,५०० रुपये. रक्कम तुटपुंजी आहे हे खरे. परंतु ती मंजूर झाल्याचा तहसीलदारांचा कागद ‘या कुटुंबाचा संसार या आगीत गेला’ याचा सरकारी पुरावा ठरतो आणि नोकरीच्या ठिकाणी, समाजाच्या सहायता निधीकडे, मुलांच्या शाळेत शुल्काची सवलत मागताना तोच कागद पुढे करता येतो.

राखेतील रोकड आणि कागद

बँक व्यवहाराशी संबंधित काही गोष्टी येथे तपशीलवार सांगणे जरूर आहे, कारण त्यांत होणारे नुकसान बहुधा टाळता येण्याजोगे असते.

लोखंडी कपाट बाहेरून थंड वाटले तरी आत धग असते. ते घाईने उघडल्यास हवा मिळून तोवर शाबूत राहिलेले कागद पेट घेतात. पूर्ण दिवस जाऊ द्यावा. आत नोटांची गड्डी करपलेली सापडली तर ती सोडवू नये, पुसू नये, पाणी तर मुळीच लावू नये. जशी आहे तशी डब्यात अलगद ठेवावी. फाटकी नोट कोणत्याही बँक शाखेत बदलून मिळते. ५० रुपये आणि त्यावरील नोटेचा सर्वांत मोठा सलग तुकडा ८० टक्क्यांहून अधिक असेल तर पूर्ण आणि ४० ते ८० टक्के असेल तर अर्धी किंमत मिळते. परंतु जळून ठिसूळ झालेल्या, करपलेल्या नोटा शाखा स्वीकारत नाही. त्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयात जावे लागते आणि वर्धेकरांचे भाग्य असे की, ते नागपुरातच, पाऊणशे किलोमीटरवर आहे. तेथे विशेष पद्धतीने नोटांची तपासणी होते. पोलिसांचा आणि अग्निशमन दलाचा कागद सोबत न्यावा. रक्कम मोठी असेल तर ती कोठून आली याचे सरळ उत्तरही तयार ठेवावे. घरात रोकड साठवण्याच्या सवयीची किंमत अशा वेळी कळते.

सोने जळत नाही, वितळते. दागिन्यांचा आकार गेला तरी धातू राखेत असतो. म्हणून कपाटाखालची आणि देवघराजवळची राख झाडून टाकू नये. सराफ्यात झारेकरी असतात, सोनाराच्या दुकानातील धूळ गाळून कण काढणे हाच त्यांचा व्यवसाय. अशी राख त्यांच्यासमोर, स्वतः उभे राहून गाळून घ्यावी.

मुदत ठेवीची पावती जळाली म्हणून ठेव जळत नाही. ती बँकेच्या खात्यात असते. अर्ज आणि हमीपत्र दिल्यावर दुय्यम पावती मिळते. आयुर्विमा पॉलिसी आणि टपाल खात्याची बचत प्रमाणपत्रे यांचेही तसेच. काही घरांत अजून आजोबांच्या काळातील शेअर प्रमाणपत्रे कागदी रूपात आहेत. ती जळाल्यास पोलिसांकडील नोंदीच्या प्रतीसह कंपनीकडे अर्ज करावा लागतो आणि दुय्यम शेअर आता डिमॅट खात्यातच मिळतात, त्यामुळे असे खाते नसेल तर आधी उघडावे. शेताच्या किंवा प्लॉटच्या खरेदीखताची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधक कार्यालय देते. मुलांच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिका नागपूर विभागीय मंडळाकडून पुन्हा मिळतात. हे सारे काम कष्टाचे आहे, पण अशक्य यात काहीच नाही.

नवा संसार उभा करण्यासाठी तातडीने पैसा लागतो आणि तेव्हाच माणूस चुकीच्या दारात जातो. दरमहा शेकड्यावर व्याज सांगणाऱ्या विनापरवाना सावकाराकडे जाण्यापूर्वी स्वतःचेच पैसे कोठे अडकले आहेत ते पाहावे. मुदत ठेवीच्या तारणावर त्याच दिवशी कर्ज मिळू शकते. आयुर्विमा पॉलिसीवर कर्ज मिळते. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत तिसऱ्या ते सहाव्या वर्षापर्यंत कर्जाची आणि सातव्या वर्षापासून अंशतः रक्कम काढण्याची सोय आहे. वाचलेल्या सोन्यावर बँकेचे कर्ज कधीही सावकाराहून स्वस्तच पडते. घराखाली उभी असलेली दुचाकी जळाली असेल तर तिची पॉलिसी काढून पाहावी. ती सर्वसमावेशक असेल तर आगीचे नुकसान त्यात येते, केवळ तृतीय पक्षाची असेल तर येत नाही. दुकानाचा माल जागेअभावी घरी ठेवण्याची पद्धत व्यापारी कुटुंबांत आहे. दुकानाच्या विम्यात जो पत्ता लिहिला असेल तेथील मालालाच संरक्षण मिळते. घरातील गठ्ठे त्यात मोजले जात नाहीत.

मालकाने घराचा विमा उतरवला असेल तर भाडेकरूला वाटते की आपलेही काही निघेल. तसे होत नाही. तो विमा मालकाच्या वास्तूचा आणि मालकाच्याच वस्तूंचा. घरावर गृहकर्ज असेल तर पॉलिसीत बँकेचे नाव असते आणि रक्कम प्रथम कर्जखात्यात जाते. म्हणजे ‘विम्याचे पैसे आले की तुमची अनामत देतो’ हे मालकाचे आश्वासन त्याच्या हातातले नसते. अनामतीची मागणी त्या विम्याशी न जोडता स्वतंत्रपणे, तारखेसह करावी.

दाद मागण्याची वेळ आल्यास वर्ध्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न पाहता मोफत वकील मिळतो, म्हणून करार पत्नीच्या किंवा आईच्या नावे असेल तर तिने अर्ज करावा. गॅस वितरक, वीज कंपनी किंवा विमा कंपनी यांच्या सेवेतील त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. मुदत दोन वर्षांची आहे. मालकाशी असलेला वाद तेथे नेण्याऐवजी आधी प्राधिकरणामार्फत तडजोडीचा प्रयत्न करणे श्रेयस्कर. त्याच गावात, कदाचित त्याच गल्लीत पुढेही राहायचे असते आणि मालकाचेही घर जळालेलेच असते.

राहिला विमा. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देणे बंधनकारक झाले आहे. वास्तू आपली नसली तरी केवळ घरातील सामानाचा विमा तीत उतरवता येतो, म्हणजेच ती भाडेकरूलाही खुली आहे. आग, स्फोट, वीज कोसळणे, पूर, वादळ, भूकंप हे धोके तीत येतात. विम्याची रक्कम कमी धरली म्हणून दाव्यात प्रमाणशीर कपात करण्याची जुनी रीत या पॉलिसीत नाही. दागिन्यांसारख्या मौल्यवान वस्तू मात्र वेगळ्या नमूद करून घ्याव्या लागतात. साध्या संसाराच्या सामानासाठी वर्षाचा हप्ता सामान्यतः एका महिन्याच्या भाड्याहूनही कमी येतो. अर्जात ‘भाडेकरू’ असे स्पष्ट लिहावे, सामानाच्या यादीची एक प्रत गावातील नातेवाइकाकडे ठेवावी आणि घर बदलताच नवा पत्ता कंपनीला लेखी कळवावा. गॅसच्या जोडणीचा पत्ताही त्याच दिवशी बदलून घेता येईल.